उघड्या दगडाच्या आत: सार्डिनियातील शैवाके आणि त्यांचे पत्ते

सार्डिनिया बेटाच्या पूर्व भागात सुप्रामोंते नावाचा चुनखडीचा उंच, ओबडधोबड डोंगराळ प्रदेश आहे. ऑगस्ट महिन्यात तिथला दगड इतका पांढरा आणि रखरखीत दिसतो की त्यावर काही जगत असेल अशी शंकाही मनात येत नाही. पण त्याच दगडाचा पृष्ठभाग ओला करून चाकूच्या टोकाने जरासा खरवडला, तर मिलिमीटरच्या काही अंशांइतक्या खोलीवर हिरव्या रंगाची एक बारीक रेघ उघडी पडते. ती रेघ म्हणजे दगडाच्या आत राहणाऱ्या शैवाकाचा जिवंत थर होय. बाहेरून त्याची खूण एवढीच, की दगडावर टाचणीने टोचल्यासारखे असंख्य बारीक खळगे दिसतात. या शैवाकाची बीजाणू तयार करणारी फळे दगडात रुतून बसलेली असतात आणि ती गळून गेली की मागे रिकाम्या खोबणी उरतात.

शैवाक हा पाठ्यपुस्तकातला शब्द आहे. स्वयंपाकघरात आपण त्याच्या काही जातींना दगडफूल म्हणतो आणि गोड्या मसाल्यात घालतो. नावात दगड असला तरी दुकानातल्या पुडीत दगडफुलाबरोबर झाडाच्या सालीचे कपचेही बरेचदा सापडतात, कारण हा माल पुष्कळसा झाडांवरून खरवडून काढलेला असतो. पुडीतला एखादा तुकडा उलटसुलट करून पाहिला तर त्याची वरची बाजू राखाडी आणि खालची काळी दिसते. मसाल्याच्या दगडफुलात जिचे नाव नेहमी घेतले जाते ती परमोट्रेमा परलेटम ही जात सार्डिनियातल्या दमट भागांत ओक वृक्षांच्या सालींवरही वाढते. म्हणजे भूमध्य समुद्रातल्या या बेटाशी आपली एक ओळख मसाल्याच्या डब्यातून आधीच झालेली आहे.

शैवाक ही एकच एक वनस्पती नसून ते दोन भिन्न सजीवांचे मिळून थाटलेले बिऱ्हाड असते. त्यातले कवक, म्हणजे बुरशीच्या गोतावळ्यातला जीव, घर बांधते. त्याच्या तंतूंच्या विणीत हिरव्या शैवलाच्या किंवा नील-हरित जिवाणूंच्या सूक्ष्म पेशी राहतात आणि सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात. सिमोन श्वेंडेनर या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने 1867 मध्ये ही कल्पना मांडली, तेव्हा त्या काळच्या बहुतेक शैवाक-अभ्यासकांनी ती धुडकावून लावली. विरोधकांत विल्यम नायलँडर हे फिनलंडचे मोठे नाव होते. गंमत अशी, की याच नायलँडर यांनी 1866 मध्ये पॅरिसच्या लक्झेंबर्ग उद्यानातील शैवाकांची नोंद करून, शहराची हवा किती स्वच्छ आहे हे शैवाकांवरून ओळखता येते असे दाखवले होते. म्हणजे शैवाक काय सांगते हे त्यांना उमगले, पण ते कशाचे बनलेले आहे हे त्यांनी मानले नाही. पुढे श्वेंडेनर बरोबर ठरले, आणि 2016 मध्ये टोबी स्प्रिबिले आणि सहकाऱ्यांनी पुष्कळ शैवाकांच्या बाह्य आवरणात यीस्टसारखे दुसरे कवकही असते असे दाखवल्यावर ‘दोघांचे बिऱ्हाड’ हे वर्णनसुद्धा अपुरे वाटू लागले.

शालेय पुस्तकांत या नात्याला सहजीवन म्हणतात आणि दोघांचाही सारखाच फायदा होतो असे सांगतात. मला मात्र कूळ आणि जमीनदार ही उपमा अधिक जवळची वाटते. शैवल राबते आणि तयार केलेल्या साखरेचा मोठा वाटा खंड म्हणून कवकाला देते. बदल्यात त्याला उन्हापासून आडोसा मिळतो आणि एरवी जिथे ते टिकले नसते अशा जागी राहायला मिळते. हे कूळ कोणते आहे, यावरच त्या शैवाकाचा पत्ता बऱ्याच अंशी ठरतो.

त्यासाठी आधी पाण्याचा हिशेब समजून घेतला पाहिजे. शैवाकाला मुळे नसतात, त्यामुळे जमिनीतून पाणी ओढून घेण्याची सोय त्याच्याकडे नाही, आणि आत घेतलेले पाणी अडवून धरणारी मेणाची कातडीही नाही. हवा कोरडी झाली की तेही कोरडे होते आणि कडक उन्हात बोटांनी चुरा होईल इतके वाळते. या अवस्थेत ते मेलेले नसते, फक्त त्याचा सगळा कारभार थांबलेला असतो. पाणी मिळाले की काही मिनिटांतच श्वसन आणि पाठोपाठ प्रकाशसंश्लेषण पुन्हा सुरू होते. वाळलेले राखाडी शैवाक भिजल्यावर हिरवट दिसू लागते तेही याचमुळे: वरचे आवरण पाण्याने पारदर्शक होते आणि आतले शैवल दिसू लागते.

सार्डिनियातला पाऊस आपल्या पावसाच्या नेमका उलट चालतो. आपल्याकडे ज्या महिन्यांत धो धो पाऊस पडतो ते जून, जुलै आणि ऑगस्ट तिथे जवळजवळ कोरडे जातात, आणि पावसाचे दिवस ऑक्टोबरपासून वसंत ऋतूपर्यंत पसरलेले असतात. दक्षिण किनाऱ्यावरील काल्यारी शहरात वर्षभरात जेमतेम 400 ते 450 मिलिमीटर पाऊस होतो, तर उंच डोंगरांत तो 1,000 मिलिमीटरच्याही वर जातो. मात्र हे बेट असल्यामुळे हवेत बाष्प भरपूर असते. रात्री दव पडते, सकाळी धुके येते, आणि वायव्येकडून येणारा माएस्त्राले नावाचा जोरदार वारा पश्चिम किनाऱ्यावर समुद्राचे तुषार दूरवर आणून टाकतो. पाणी एकच असले तरी ते शैवाकाला वाहत्या पाण्याच्या, दवाच्या किंवा नुसत्या दमट हवेच्या रूपात मिळते, आणि सगळ्या शैवाकांना ही तिन्ही रूपे सारखी वापरता येत नाहीत.

1986 मध्ये ओटो लांगे हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याबाबत एक महत्त्वाचा फरक दाखवून दिला. ज्यांच्या आत हिरवे शैवल असते ती शैवाके नुसत्या दमट हवेतून बाष्प घेऊन, एक थेंबही अंगावर न पडता, प्रकाशसंश्लेषण सुरू करू शकतात. ज्यांच्या आत नील-हरित जिवाणू असतात त्यांना मात्र द्रवरूप पाणीच लागते. हवा कितीही दमट असली तरी त्यांच्या वाळलेल्या पेशी कामाला लागण्याइतक्या फुगत नाहीत. ही एक गोष्ट लक्षात ठेवली की बेटावरच्या शैवाकांच्या अनेक जागा आपोआप उलगडतात. चुनखडीच्या कड्यावर पावसाचे पाणी ज्या वाटेने ओघळते तिथे कोलेमासारखी काळी, भिजल्यावर फुगून जेलीसारखी होणारी शैवाके आढळतात, कारण त्यांच्यात नॉस्टॉक हा नील-हरित जिवाणू असतो. त्याच कड्याच्या पुढे आलेल्या कपारीखाली, जिथे पाऊस कधीच पोहोचत नाही, तिथे त्यांचा मागमूस नसतो.

या कोरड्या कपारी सगळ्यांत जास्त रंगतात त्या समुद्रकिनाऱ्यावर. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी अगदी नावापुरती असते. पाण्याची पातळी काही दशांश मीटरच वरखाली होते, त्यामुळे कोकणच्या किनाऱ्यावर दिसतो तसा भरतीत बुडणारा आणि ओहोटीत उघडा पडणारा रुंद खडकाळ पट्टा इथे नसतो. किनाऱ्यावरची शैवाके लाटेचे शिंतोडे कुठवर पोहोचतात त्यावरून आपापली जागा धरतात. पाण्याच्या सर्वांत जवळ डांबर फासल्यासारखा एक काळा पट्टा असतो. पुष्कळांना तो जहाजांतून सांडलेल्या तेलाचा डाग वाटतो, पण त्यातला बराचसा भाग हायड्रोपंक्टेरिया अँफिबियासारख्या, खाऱ्या पाण्यात भिजून पुन्हा उन्हात वाळण्याची सवय असलेल्या शैवाकांचा आणि नील-हरित जिवाणूंचा असतो. त्याच्या वर नारिंगी-पिवळ्या शैवाकांचे डाग सुरू होतात, आणि आणखी वर, जिथे मीठ पोहोचते पण लाट पोहोचत नाही, तिथे राखाडी, झुडपासारखी शैवाके येतात.

नारिंगी रंगाचे कारण परिएटिन नावाचे रंगद्रव्य असते. झँथोरिया परिएटिना या जातीत ते पृष्ठभागावर बारीक स्फटिकांच्या रूपात साठते आणि आतल्या शैवलाला प्रखर प्रकाशापासून वाचवते. हीच जात सावलीत वाढली तर तिचा नारिंगी रंग उतरून ती हिरवट-राखाडी होते, त्यामुळे केवळ रंगावरून जात ओळखायला गेलेला नवशिका हमखास फसतो.

आता कपारीकडे वळू. समुद्राकडे तोंड असलेल्या, पण थेट ऊन आणि पाऊस यांपासून सुटलेल्या उभ्या खडकावर रोसेला या प्रजातीचे राखाडी, पट्टीसारखे किंवा दोरीसारखे झुबके लटकलेले दिसतात, आणि जवळच डिरिनाचे पांढुरके, खडूसारखे थर पसरलेले असतात. डिरिनाच्या थरावर नखाने ओरखडा काढला तर आतून हिरव्याऐवजी नारिंगी छटा दिसते, कारण या दोघांच्याही आत ट्रेंटेपोलिया हे शैवल असते, जे हिरव्या शैवलांच्या गटातले असूनही कॅरोटीन साठवत असल्याने नारिंगी दिसते. हे शैवल आपल्याही ओळखीचे आहे: कोकणात आणि घाटात झाडांच्या बुंध्यांवर आणि ओलसर भिंतींवर दिसणारा तांबूस मखमली थर बहुतेक वेळा याचाच असतो, आणि 2001 मध्ये केरळात पडलेल्या लाल पावसाचा रंगही अशाच शैवलाच्या बीजाणूंमुळे आला होता, असे तेव्हाच्या तपासणीत आढळले होते. ट्रेंटेपोलियाला दमट हवा पुरते. ज्या कपारीत पावसाचा थेंब येत नाही पण समुद्रावरून येणारी ओलसर हवा दिवसरात्र खेळते, ती जागा रोसेलासाठी जणू राखून ठेवलेली असते.

शाळेच्या प्रयोगशाळेत आम्लात तांबडा आणि अल्कलीत निळा होणारा जो लिटमस कागद आपण सर्वांनी हाताळला, त्याचा रंग मुळात रोसेला आणि तिच्यासारख्या शैवाकांपासूनच काढला जात असे. त्याआधी कित्येक शतके भूमध्य समुद्राच्या काठावरचे रंगारी याच शैवाकांपासून लोकर आणि रेशीम जांभळे रंगवत आले होते. पद्धत काही फार सुगंधी नव्हती: शैवाक कुटून त्यात शिळे मूत्र घालायचे, म्हणजे अमोनिया मिळतो, आणि हवा लागेल अशा रीतीने ढवळत ते मिश्रण काही आठवडे मुरवायचे. मुळात रंगहीन असलेल्या शैवाकातील संयुगांपासून या मुरण्यात जांभळा रंग तयार होतो. फ्लॉरेन्समधल्या रुचेलाई या धनाढ्य घराण्याचे आडनावच या रंगाच्या इटालियन नावावरून पडले असे मानले जाते. ज्या शैवाकाचा झुबका वर्षाला फारच थोडा वाढतो, ते पोत्यांनी खरवडून नेणारा हा व्यापार कृत्रिम रंग येईपर्यंत चालू राहिला, हे लक्षात घेतले तर आज ते कपारींत अजूनही सापडते याचेच अधिक नवल वाटते.

किनारा सोडून आत शिरले की पाण्याइतकाच दगड महत्त्वाचा होतो, आणि सार्डिनियात दगडाचे प्रकार विलक्षण जवळजवळ आहेत. ईशान्येला गाल्लुरा प्रांतात सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वीचा ग्रॅनाइट आहे, पूर्वेला सुप्रामोंतेची चुनखडी आहे, मध्यभागी जेन्नारजेंतू पर्वतात शिस्ट प्रकारचे पापुद्र्यांचे खडक आहेत आणि त्यातील पुंता ला मार्मोरा हे शिखर 1,834 मीटर उंचीचे, म्हणजे बेटावरचे सर्वांत उंच आहे. याशिवाय मधूनमधून बेसाल्टची सपाट पठारे आहेत. दगड चुन्याचा आहे की नाही हे ओळखायला व्हिनेगरचा एक थेंब पुरतो. फेस आला तर चुना आहे. त्या एका थेंबाच्या उत्तरानुसार तिथली शैवाकांची यादी जवळजवळ संपूर्ण बदलते. चुनखडीवर आरंभी सांगितलेली, दगडाच्या आत राहणारी बॅग्लिएट्टोआ प्रजाती असते, जिची मार्मोरिया ही जात पांढऱ्या दगडावर गुलाबी डाग उमटवते. या प्रजातीला फ्रान्चेस्को बॅग्लिएट्टो यांचे नाव दिलेले आहे, आणि सार्डिनियाच्या शैवाकांचा अभ्यास एकोणिसाव्या शतकात करणाऱ्यांपैकी ते एक होते.

दगडाच्या आत राहण्याचा फायदा उघड आहे. आत ऊन गाळून पोहोचते, वाळण्याचा वेग कमी होतो आणि गोगलगाईंच्या दातांपासून काही प्रमाणात सुटका होते. प्रकाश मात्र मर्यादित मिळतो, त्यामुळे शैवलाचा थर फार खोल जाऊ शकत नाही. ग्रॅनाइटमध्ये ही चैन परवडत नाही, कारण त्याचे स्फटिक चुन्यासारखे विरघळत नाहीत. तिथे शैवाके बाहेरच राहतात. ऱ्हायझोकार्पन जिओग्राफिकम या जातीचे पिवळसर-हिरवे तुकडे काळ्या रेघांनी एकमेकांपासून विभागलेले असतात, आणि उंचावरच्या एखाद्या शिळेवर ते पाहिले की नकाशातल्या राज्यांच्या सीमाच आठवतात. जातीचे नावही त्यावरूनच पडले आहे. पावसाचे पाणी ओघळते अशा ग्रॅनाइटच्या उतारांवर लासालिया पुस्तुलाटा ही फोडफोड आलेल्या चामड्यासारखी दिसणारी जात असते. तिचा तळहाताएवढा तुकडा मध्यभागी एकाच ठिकाणी, नाळेसारख्या देठाने, खडकाला धरून असतो. कडा उचलून पाहिली तर हे सहज कळते.

बेसाल्टवरची शैवाके पाहण्याची उत्तम जागा डोंगर नसून माणसाने रचलेले दगड आहेत. कांस्ययुगात, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात, सार्डिनियाच्या लोकांनी चुना किंवा माती न वापरता मोठमोठे दगड एकावर एक रचून नुरागे नावाचे बुरूज उभारले, आणि त्यांपैकी सुमारे 7,000 बुरुजांचे अवशेष आजही बेटावर आहेत. बारूमिनी गावाजवळचे सू नुराक्सी हे त्यांतले प्रसिद्ध ठिकाण 1997 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. सह्याद्रीतल्या किल्ल्यांचा काळा दगड ज्यांच्या डोळ्यांत बसला आहे, त्यांना नुरागेचा बेसाल्ट लगेच ओळखू येईल, पण अनेक ठिकाणी तो काळा दिसत नाही, कारण त्यावर नारिंगी, राखाडी आणि पिवळसर शैवाकांचा दाट थर चढलेला असतो. बुरुजाला एक फेरी मारली तरी दिशेनुसार वस्ती बदलताना दिसते: उत्तरेच्या, उशिरा वाळणाऱ्या बाजूला एक मेळा, दक्षिणेच्या तापणाऱ्या बाजूला दुसरा, आणि पक्षी जिथे बसतात त्या माथ्यावर विष्ठेतल्या नत्रावर पोसणारा तिसरा. शैवाके वर्षाला अगदी थोडी वाढत असल्यामुळे त्यांच्या आकारावरून दगड उघडा पडल्याचा काळ काढण्याची एक पद्धत आहे, पण तिच्यावर विसंबून नुरागेचे वय काढायला जाऊ नये; इतक्या काळात शैवाकांच्या कित्येक पिढ्या येऊन, मरून, सोलून पडलेल्या असतात. अशा वास्तूंवरची शैवाके घासून काढावीत की नाही, यावर जतनाच्या क्षेत्रात एकमत नाही. काही जातींचे तंतू आणि आम्ले दगड पोखरतात हे खरे, पण काही ठिकाणी हाच थर वारा आणि पावसाच्या माऱ्यापासून दगड झाकतो, त्यामुळे जात न ओळखता सरसकट घासणे मला घाईचे वाटते.

झाडांवरच्या शैवाकांना सालीचा गुण पाहावा लागतो: ती गुळगुळीत आहे की भेगाळ, आम्लधर्मी आहे की नाही, पाणी धरते की झटकते, आणि मुख्य म्हणजे ती किती वर्षे जागेवर राहणार आहे. लुचाना झेद्दा यांनी सार्डिनियातील ओक वृक्षांवरच्या शैवाकांचा सविस्तर अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध केला आणि ही शैवाके जंगलाच्या स्थितीची निदर्शक म्हणून कशी वापरता येतील हे तपासले. जुन्या, दाट, सदाहरित ओकच्या दमट जंगलात लोबारिया पल्मोनारिया आढळते. ही पानासारखी रुंद, खाचाखळग्यांची जात फुप्फुसासारखी दिसते म्हणून मध्ययुगीन युरोपात छातीच्या विकारांवर दिली जाई. तिच्यात मुख्य सोबती हिरवे शैवल असते, पण आत लहान गाठींमध्ये नॉस्टॉकही असतो आणि तो हवेतला नत्र बांधतो. तिला दमट सावली आणि दीर्घकाळ न तोडलेले जंगल लागते, म्हणून ती दिसली की त्या जंगलाला पुष्कळ वर्षे कोणी हात लावलेला नाही असे समजायला हरकत नसते.

बुचाच्या ओकची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. गाल्लुरामध्ये, कालांजानुस आणि तेंपिओ या गावांच्या परिसरात, या झाडाची जाड साल सोलून बाटल्यांची बुचे केली जातात. पहिली साल काढल्यानंतर ती पुन्हा साधारण 9 ते 12 वर्षांनी काढली जाते. सोललेला बुंधा काही काळ विटेसारखा तांबडा दिसतो, आणि सालीबरोबर तिच्यावरची सगळी शैवाकांची वस्तीही गाडीत भरून निघून जाते. ज्या जातीला स्थिरावायलाच दहा-पंधरा वर्षे लागतात तिला या वेळापत्रकात जागा नसते. बुंध्यावर लवकर रुजणाऱ्या जातीच राहतात आणि हळू वाढणाऱ्या जाती, जिथपर्यंत सोलणाऱ्याची कुऱ्हाड जात नाही त्या वरच्या फांद्यांवर टिकतात. एकाच झाडावर खाली आणि वर असे दोन वेगळे समाज त्यामुळे दिसू शकतात. वणव्याचेही तसेच आहे. 2021 च्या जुलैमध्ये पश्चिमेकडच्या मोंतिफेर्रू डोंगराला मोठी आग लागली. अशा आगीतून बुचाचा ओक त्याच्या सालीमुळे वाचू शकतो आणि पुन्हा फुटतो, पण सालीवरच्या शैवाकांना मात्र शून्यापासून सुरुवात करावी लागते.

उरली ती जमीन, आणि जमिनीवर सार्डिनियात मेंढ्या आहेत. बेटावर सुमारे 30 लाख मेंढ्या असाव्यात, म्हणजे माणसांपेक्षा त्यांचीच संख्या जास्त आहे. दुपारी त्या ज्या झाडांखाली विसावतात तिथल्या बुंध्यांवर धूळ आणि लेंड्या-मुताचा अमोनिया बसतो आणि झँथोरिया, फिसिया यांसारख्या नत्रप्रिय जाती फोफावून बाकीच्यांना हुसकावतात. उघड्या जमिनीवरच्या शैवाकांना तर खुरांचीच भीती असते. चुनखडीच्या पातळ मातीवर, झुडपांच्या मधल्या मोकळ्या जागांत, शैवाकांचा एक रंगीत गालिचा असतो: पांढऱ्या काठाची विटकरी सोरा डेसिपिएन्स, पिवळी फुलजेन्सिया, निळसर-राखाडी टोनिनिया, आणि कोरड्या दिवसांत आपली पाने वर वळवून फिकट तळ दाखवणारी क्लॅडोनिया. हा थर मातीचे कण बांधून ठेवतो आणि पहिल्या पावसात ती वाहून जाऊ देत नाही, पण सुकलेला असताना पाय पडला की त्याचा चुरा होतो.

याच गालिच्यात एक चोरही राहतो. डिप्लोस्किस्टेस म्यूस्कोरम हे शैवाक आयुष्याची सुरुवात क्लॅडोनियावर करते. आधी तिच्या अंगात शिरून तिचेच शैवल वापरते, हळूहळू तिला खाऊन टाकते आणि मग त्या जागी आपला राखाडी थर पसरून, काही काळाने दुसऱ्या जातीचे शैवल मिळवून, स्वतंत्र संसार थाटते. पिअर लुईजी निमिस आणि योसेफ पोएल्ट यांनी 1987 मध्ये सार्डिनियाची जी सूची प्रसिद्ध केली, तिच्या शीर्षकातच शैवाकांबरोबर ‘शैवाकांवर वाढणारी कवके’ असा उल्लेख आहे, कारण या बेटावर शैवाक हे स्वतःच आणखी कोणाचा तरी पत्ता असते.